ब्रेक नसलेल्या होडीचं घड्याळ

पत्त्यांतला ब्रिज खेळणाऱ्यांना हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट हे नाव ओळखीचं असतं. आजच्या कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत या अमेरिकन धनिकानं १९२५ साली एका जलप्रवासात बसवली. त्याचा दुसरा नाद शिडाच्या होड्यांचा. १९३०, १९३४ आणि १९३७ अशी तीन वेळा त्यानं ‘अमेरिकाज कप’ ही मानाची शर्यत मारली. तिथंही डोकं हिशेबातच चालायचं. शर्यतीची सुरुवात साधण्याचं एक गणित आजही त्याच्याच नावानं ओळखलं जातं.

पण सुरुवात साधायला गणित कशाला लागावं? कारण शिडाच्या होडीला ब्रेक नसतो. शंभर मीटरच्या धावपटूंसारख्या होड्या रेषेमागं ओळीनं उभ्या करता येत नाहीत. मुळात रेषाच दिसत नाही: एका टोकाला पंचांची नौका, दुसऱ्या टोकाला पाण्यावर तरंगणारा बोया, मधलं ज्यानं त्यानं मनात ओढायचं. बरं, कसंबसं रेषेवर थांबून राहिलं तरी फायदा नाही, थांबलेल्या होडीला वेग घ्यायला वेळ लागतो. इशारा होईल त्या क्षणी होडीचं नाक रेषेवर हवं आणि शिडं वाऱ्यानं भरलेली हवीत. पहिला टप्पा बहुधा वारा येतो त्या दिशेनं असतो. त्यामुळे पुढच्यांची शिडं चांगला वारा खातात आणि मागच्यांच्या वाट्याला विस्कटलेला, मेलेला वारा येतो. एकदा मागं पडलेला असा मागंच पडत जातो.

त्यामुळे शर्यतीआधीची पाच मिनिटं मोजून दिलेली असतात. पाच मिनिटं उरली की पंचांच्या नौकेवर शर्यतीतल्या होड्यांच्या गटाचा झेंडा चढतो. चार उरली की तयारीचा झेंडा. शेवटचा मिनिट उरला की तयारीचा झेंडा उतरतो आणि शून्याला गटाचा झेंडा उतरतो. सोबत भोंगा किंवा बंदुकीचा बार असतो. पण नियम सांगतो की वेळ धरायची ती झेंड्यावरून. आवाज झालाच नाही तरी तक्रार चालत नाही.

या नियमामागं शाळेतलंच भौतिकशास्त्र आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रेषा तेवढी लांब असेल तर पलीकडच्या टोकाच्या होडीला भोंगा एक सेकंद उशिरा ऐकू येईल. सहा नॉट, म्हणजे ताशी सहा सागरी मैल वेगाची होडी सेकंदाला तीन मीटर कापते. २०२३ साली हांगझोऊच्या एशियाडमध्ये भारताच्या विष्णू सरवणननं कांस्य मिळवलं ती आयएलसीए ७ जातीची होडी जेमतेम सव्वाचार मीटर लांबीची. म्हणजे नुसतं कानावर विसंबलं तर पाऊण होडीचं नुकसान, तेही शर्यत सुरू होण्याआधीच. झेंडा मात्र सगळ्यांना जवळपास एकाच क्षणी दिसतो.

आता व्हँडरबिल्टचं गणित. रेषा ओलांडून उलट्या दिशेनं दूर जायचं आणि वळून परत यायचं. वळायचं नेमकं कधी? ओलांडताना उरलेली वेळ आणि वळायला लागणारी वेळ यांची बेरीज करून तिचं अर्ध करायचं. घड्याळात तेवढी वेळ उरली की सुकाणू फिरवायचं. समजा ओलांडताना १२० सेकंद उरलेत आणि वळायला १० लागतात. बेरीज १३०, अर्ध ६५. म्हणजे ५५ सेकंद दूर जायचं, १० सेकंदांत वळायचं, ५५ सेकंद परत. बरोबर १२०.

इथं घड्याळात ‘किती वाजले’ याला काडीचीही किंमत नाही. हवं असतं ते ‘किती उरले’. तेही हात ओले, तोंडावर पाणी उडतंय, शेजारचा ओरडतोय अशा अवस्थेत एका नजरेत कळायला हवं. १९६८ साली ह्युअर कंपनीनं ‘स्किपर’ हे घड्याळ काढलं तेव्हा पंधरा मिनिटांच्या छोट्या तबकडीचे पाच-पाच मिनिटांचे तीन रंगीत भाग केले. आदल्या वर्षी अमेरिकाज कप जिंकणाऱ्या ‘इन्ट्रेपिड’ नौकेच्या यशानिमित्त ते बाजारात आलं होतं. पुढं अनेक कंपन्यांनी आकडे बाजूला ठेवून तबकडीला पाच गोल खिडक्याच पाडल्या. खालची चकती फिरते तसा एकेका खिडकीचा रंग बदलतो. मोजायला डोकं लागत नाही. मला तरी ही युक्ती सगळ्यांत देखणी वाटते. २००७ साली रोलेक्सनं ‘यॉट-मास्टर २’ मध्ये एक ते दहा मिनिटांपर्यंत हवा तेवढा अवधी लावायची सोय निव्वळ दातेरी चाकांवर करून दाखवली. कारागिरी थक्क करणारी, पण ते घड्याळ घालून छोट्या होडीत भिजायला माणूस व्हँडरबिल्टच्याच ऐपतीचा हवा! बाकीचे खलाशी मोठ्या आकड्यांचं, रबरी पट्ट्याचं डिजिटल घड्याळ बांधतात.

त्या स्वस्त घड्याळातलं खरं कामाचं बटण म्हणजे सिंक, वेळ जुळवून घेणारं. पाच मिनिटांच्या झेंड्याला आपण दोन सेकंद आधीच बटण दाबलं, तर चारच्या झेंड्याला घड्याळ ३:५८ दाखवेल. तेव्हा सिंक दाबायचं. मोजणी जवळच्या पूर्ण मिनिटावर येते. ही दोन सेकंदं महागात पडू शकतात. लवकर निघालेल्याला साधारणपणे परत फिरून पुन्हा रेषेमागून यावं लागतं. पण तयारीचा झेंडा काळा असेल, तर शेवटच्या मिनिटात रेषेची दोन टोकं आणि शर्यतीच्या मार्गावरची पहिली खूण यांच्या त्रिकोणात जो शिरला तो थेट बाद.

एवढं करूनही गणित फसतं, ते पाण्यामुळे. व्हँडरबिल्टच्या सूत्रात जाताना आणि येतानाचा वेग सारखा धरलाय. मुंबई बंदरात दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, पाणी क्वचितच गप्प बसतं. समजा एक नॉटचा प्रवाह होडीला रेषेकडे ढकलतोय. मग सहा नॉटची होडी पाचनं दूर जाईल आणि सातनं परत येईल. वरच्या उदाहरणात ती पंधरा सेकंदांहूनही आधी रेषेवर पोचेल, घड्याळ अगदी अचूक असूनही. म्हणून जाणते खलाशी लवकर पाण्यात उतरतात, बोयाशेजारून पाणी कुठल्या बाजूला वाहतंय ते बघतात, आणि झेंडा चढायच्या आधी एकदोन खेपा नुसत्या घड्याळ लावून मारून येतात.