जेम्स-यंगर गँग

जेम्स-यंगर गँग ही अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातली दरोडेखोरांची टोळी, साधारण १८६६ ते १८७६ या दहा वर्षांत बँका, ट्रेन आणि घोडागाड्या लुटणारी. जेसी जेम्स, त्याचा थोरला भाऊ फ्रँक, आणि कोल, जिम, जॉन, बॉब हे चार यंगर भाऊ हे टोळीतले मुख्य लोक, बाकीचे येऊन जाऊन असायचे. अमेरिकेत आउटलॉ म्हटलं की जे चित्र आजही डोळ्यांसमोर येतं, घोड्यावरचा बंडखोर, श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा, ते बरंचसं या जेसी जेम्सच्या नावावर उभं आहे. त्यातलं वाटण्याचं प्रकरण निव्वळ दंतकथा आहे, लुटीतला पैसा गरिबांच्या हातात गेल्याचा पुरावा कुठेच सापडत नाही.

ही टोळी समजून घ्यायची तर सुरुवात बँकेपासून नाही, युद्धापासून करावी लागते. १८६१ ते १८६५ चं यादवी युद्ध म्हणजे गुलामगिरीसाठी देशातून फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं विरुद्ध उत्तर, त्यात मिझुरी उत्तरेकडेच राहिलं, पण तिथं गुलामगिरी कायदेशीर होती आणि घराघरांत फूट होती, शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठला होता. जेम्स भावांचा क्ले काउंटी हा भाग तर दक्षिणेकडून आलेल्या, गुलाम ठेवणाऱ्या कुटुंबांचा. वडील रॉबर्ट जेम्स बाप्टिस्ट पाद्री, लिबर्टी गावातलं विल्यम ज्युएल कॉलेज उभं करणाऱ्यांपैकी एक, ते १८५० मध्ये सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेले आणि तिकडेच वारले. जेसी तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा (जन्म ५ सप्टेंबर १८४७). आई झेरेल्डा भारी खमकी बाई, दक्षिणेची कट्टर समर्थक, मुलांवर संस्कार झाले ते तिचेच.

फ्रँक दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या क्वांट्रिलच्या गनिमी टोळीत गेला, या लोकांना बुशव्हॅकर म्हणायचे, म्हणजे झाडीत दबा धरून हल्ला करणारे. ऑगस्ट १८६३ मध्ये क्वांट्रिलच्या माणसांनी कॅन्ससमधलं लॉरेन्स गाव जाळलं आणि दीडशेच्या वर पुरुष आणि पोरं ठार मारली, त्यात फ्रँक आणि कोल यंगर दोघंही होते. जेसी १८६४ मध्ये, सोळा वर्षांचा असताना 'ब्लडी बिल' अँडरसन या दुसऱ्या बुशव्हॅकर म्होरक्याच्या टोळीत शिरला. त्याच सप्टेंबरात सेंट्रालिया स्टेशनवर ट्रेन थांबवून सुट्टीवर निघालेल्या वीसेक निःशस्त्र सैनिकांना खाली उतरवून गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्याच दिवशी पाठलागावर आलेल्या तुकडीतले शंभराहून जास्त जण मारले गेले. पुढे पेपरवाले ज्यांना शूर म्हणणार होते त्यांचं शिक्षण हे असं झालं. दुसरी बाजूही स्वच्छ नव्हती हे पण सांगायला पाहिजे, सरकारी मिलिशियाने, म्हणजे उत्तरेच्या बाजूच्या स्थानिक सशस्त्र दलाने, जेम्सच्या शेतावर येऊन सावत्र वडिलांना फास लावून छळलं होतं, आणि यंगर भावांचे वडील तर फुटून निघण्याच्या विरोधातले असूनही मिलिशियाच्याच माणसांनी त्यांचा खून केला.

युद्ध संपलं पण मिझुरीतलं संपलं नाही. १८६५ च्या राज्यघटनेने दक्षिणेच्या बाजूने असलेल्यांचा मतदानाचा हक्क काढून घेतला, त्यांना सरकारी पदं बंद झाली, आणि बँका, रेल्वे, सत्ता सगळं रिपब्लिकन, म्हणजे उत्तरेच्या बाजूच्या पक्षाच्या लोकांच्या हातात गेलं. १३ फेब्रुवारी १८६६ ला लिबर्टीत भरदिवसा बँक लुटली गेली, जवळपास साठ हजार डॉलर, ती बँक चालवणारेही रिपब्लिकनच होते. रस्त्यावर उभा असलेला जॉर्ज वायमोर नावाचा कॉलेजचा विद्यार्थी त्यात मारला गेला. हे काम जुन्या बुशव्हॅकर लोकांचं होतं, पण जेसी स्वतः त्यात होता की नाही यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

जेसीचं नाव उघड झालं ते ७ डिसेंबर १८६९ ला, गॅलटिन गावी. तिथल्या बँकेत कॅशियर जॉन शीट्सला गोळी घातली, कारण त्याला सॅम्युएल कॉक्स समजले, म्हणजे ज्याच्या तुकडीने अँडरसनला मारलं तो अधिकारी. चुकीचा माणूस मारला. पळताना जेसीची घोडी मागे राहिली आणि तिच्यावरून पत्ता लागला, मग त्याने पेपरला पत्र लिहिलं की मी निर्दोष आहे, मला न्याय मिळणार नाही म्हणून मी हजर होत नाही.

इथून पेपरचा भाग सुरू होतो आणि माझ्या मते टोळीच्या बंदुकांपेक्षा तो महत्त्वाचा आहे. 'कॅन्सस सिटी टाइम्स'चा संपादक जॉन न्यूमन एडवर्ड्स हा दक्षिणेच्या सैन्यातला जुना मेजर. सप्टेंबर १८७२ मध्ये कॅन्सस सिटीच्या जत्रेत तीन घोडेस्वारांनी तिकिटाचा गल्ला लुटला, हजार डॉलरच्या आतलीच लूट, आणि झटापटीत सुटलेली गोळी एका लहान मुलीला लागली. एडवर्ड्सने त्यावर अग्रलेख लिहिला तो दरोडेखोरांची तुलना मध्ययुगातल्या सरदारांशी करणारा! हरलेल्या बाजूला हिरो पाहिजे होता आणि हिरोला छापणारा माणूस, दोघं एकमेकांना सापडले. टोळीलाही हे कळलेलं होतं. जानेवारी १८७४ ला गॅड्स हिल स्टेशनवर ट्रेन लुटली तेव्हा त्यांनी दरोड्याची बातमी स्वतःच आधी लिहून आणली होती, फक्त रकमेची जागा रिकामी, आणि ती पेपरला पाठवा म्हणून ट्रेनच्या लोकांकडे देऊन गेले. त्याआधी जुलै १८७३ मध्ये आयोवातल्या अडेअरजवळ रूळ ओढून ट्रेन पाडली होती, त्यात इंजिन चालवणारा जॉन रॅफर्टी मेला, त्याच्यावर कोणी कौतुकाचा अग्रलेख लिहिला नाही.

ट्रेनने पैसे पोचवणाऱ्या एक्सप्रेस कंपनीने पिंकर्टन ही खाजगी डिटेक्टिव्ह एजन्सी मागे लावली. मार्च १८७४ मध्ये त्यांची माणसं मारली गेली आणि जॉन यंगरही मेला. मग जानेवारी १८७५ च्या रात्री पिंकर्टनच्या लोकांनी जेम्सच्या घरात पेटतं साधन फेकलं, स्फोट झाला, जेसी घरात नव्हताच, त्याचा आठ वर्षांचा सावत्र भाऊ आर्ची मेला आणि आईचा हात कोपराखालून गेला. यानंतर लोकांची सहानुभूती इतकी वाढली की मिझुरीच्या विधिमंडळात टोळीला माफी देण्याचा ठराव आला, थोडक्यात पडला.

शेवट झाला तो घरापासून लांब मिनेसोटात. ७ सप्टेंबर १८७६, नॉर्थफील्ड गाव, फर्स्ट नॅशनल बँक, आठ जण आलेले. मुख्य कॅशियर फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाला गेलेला, त्याच्या जागी हिशेबनीस जोसेफ ली हेवूड बसला होता, तोही युद्धात लढलेला, उत्तरेच्या बाजूने. तिजोरी उघड म्हणाले तर हा म्हणाला, टाइम लॉक आहे, म्हणजे ठरलेल्या वेळेलाच उघडणारं कुलूप, आत्ता उघडता येत नाही. खरं तर तिजोरी कुलूपबंद नव्हतीच, ओढली असती तर उघडली असती, पण कोणाच्या डोक्यात आलं नाही. गळ्याला सुरी लावली, मारहाण केली, हेवूड हलला नाही, शेवटी जाताजाता त्याच्या डोक्यात गोळी घातली.

बाहेर मात्र गाव जागं झालं होतं आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण हे पोलीस नव्हते. हार्डवेअरच्या दुकानाचा मालक मॅनिंग रायफल घेऊन कोपऱ्यावर उभा, मेडिकलचा विद्यार्थी हेन्री व्हीलर हॉटेलच्या वरच्या खिडकीतून जुन्या बंदुकीने गोळ्या झाडतोय, ज्यांच्याकडे काही नव्हतं ते दगड मारत होते. साताठ मिनिटांत टोळीचे दोन जण रस्त्यावर मेले. निकोलस गुस्ताफसन हा नुकताच आलेला स्वीडिश माणूसही गोळी लागून गेला. टोळीच्या हाती लागले २६ डॉलर आणि काही सेंट.

मग पावसात, चिखलात, अनोळखी मुलखात दोन आठवडे पाठलाग, हजारभर लोक मागावर. जेम्स भाऊ वेगळे होऊन निसटले. मडेलियाजवळ एका नॉर्वेजियन शेतकऱ्याच्या १७ वर्षांच्या पोराला ऑस्कर सोर्बेलला संशय आला, त्याने घोड्यावरून जाऊन खबर दिली, आणि २१ सप्टेंबरला तिन्ही यंगर भाऊ गोळ्यांनी चाळण झालेल्या अवस्थेत सापडले. फाशी टळावी म्हणून त्यांनी गुन्हा कबूल केला, जन्मठेप झाली. बॉब १८८९ मध्ये तुरुंगातच क्षयाने गेला, कोल आणि जिम १९०१ मध्ये सुटले, जिमने पुढच्याच वर्षी आत्महत्या केली.

जेसीने १८७९ पासून नवी टोळी जमवली पण ते जुने लोक नव्हते आणि लोकांचा पाठिंबाही आटत चालला होता. गव्हर्नर क्रिटेंडनने रेल्वे कंपन्यांच्या पैशातून प्रत्येक भावावर पाच हजार डॉलरचं इनाम लावलं. ३ एप्रिल १८८२ ला सेंट जोसेफ गावात, थॉमस हॉवर्ड या खोट्या नावाने राहत असलेल्या घरात, जेसी भिंतीवरची तसबीर साफ करायला खुर्चीवर चढला आणि त्याच्याच टोळीतल्या बॉब फोर्डने मागून गोळी घातली. फोर्डला फाशीची शिक्षा आणि त्याच दिवशी गव्हर्नरची माफी, दोन्ही मिळालं. फ्रँक ऑक्टोबरमध्ये शरण आला, ज्युरीने निर्दोष सोडला, १९१५ पर्यंत जगला. आईने जेसीला घराच्या अंगणातच पुरलं आणि बघायला येणाऱ्यांकडून ती पैसे घ्यायची, कबरीवरचे खडेही विकायची.

नॉर्थफील्डची ती बँकेची इमारत आता म्युझियम आहे. गावात दर सप्टेंबरला 'डिफीट ऑफ जेसी जेम्स डेज' भरतो, दरोड्याचं नाट्यरूप रस्त्यावर करून दाखवतात, आणि त्याच दिवसांत लोक हेवूडच्या कबरीपाशी जमतात.