समुदायासोबत उभे केलेले डिजिटल कथासंग्रह

आदिवासी किंवा भटक्या-विमुक्त समाजाच्या गोष्टी, गाणी, आठवणी, फोटो त्यांच्याच सोबत बसून जमवायचे आणि कोणी काय ऐकायचं-बघायचं हेही त्यांनीच ठरवायचं, अशा संग्रहांना हे नाव आहे. नुसतं रेकॉर्डिंग करून नेटवर टाकणं यात धरत नाहीत.

सुरुवात नक्की कुठली यावर मतभेद आहेत. काहीजण 1990 च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या डिजिटल स्टोरीटेलिंगच्या वर्कशॉपपासून मोजतात, पण तिथे एकेक माणूस आपापली छोटी फिल्म करायचा, समाजाचा संग्रह असा नव्हताच. त्यापेक्षा ऑस्ट्रेलियातला आरा इरितित्जा हा संग्रह जास्त पटतो, साधारण 1994 पासूनचा, म्युझियम आणि मिशनऱ्यांकडे पडून असलेले फोटो तिथल्या मूळनिवासी अनांगू लोकांना परत मिळावेत म्हणून सुरू केलेला. ऑस्ट्रेलियातल्याच टेनंट क्रीक गावच्या मूळनिवासी वारुमुंगू लोकांसोबत संशोधक किम क्रिस्टन यांनी बनवलेला मुकुर्तू हा संग्रह त्यानंतरचा, 2007 च्या आसपासचा. तिथे वारलेल्या माणसाचा फोटो कोणी बघावा, बायकांचं काय, पुरुषांचं काय, हे वस्तीतले नियम सॉफ्टवेअरमध्येच घातलेत, आणि पुढे तेच सॉफ्टवेअर बाकीच्यांना फुकट वापरायला दिलं.

महाराष्ट्रात जवळचं उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्यातल्या बऱ्याच आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर आहेत, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव देऊन. काम मोठंच आहे, पण ते सगळ्यांसाठी खुलं आहे, त्यामुळे वरच्या व्याख्येत अर्धंच बसतं.

सोलापुरात मामला वेगळा आहे. अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा, मुंबई इलाख्यात तो 1911 नंतर लागू झाला, आणि मग पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा समाजांना इथे तारेच्या कुंपणात ठेवलं, रोज हजेरी घेतली, गिरण्यांत कामाला लावलं. शहरात आजही सेटलमेंट फ्री कॉलनी हा पत्ता चालतो. देशभरात कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, मुंबई प्रांतात बहुधा 1949 मध्येच. नेहरू आले आणि त्यांनी तार तोडली असं म्हातारी माणसं सांगतात, साल मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतं. संग्रहात ही सगळी सालं जशीच्या तशी ठेवायची असतात, एक बरोबर धरून बाकीची पुसायची नाहीत. तारीख ठरवायला कागद आहेत, पण त्यातला मोठा हिस्सा पोलीस आणि सेटलमेंटच्या कारभाऱ्यांनी लिहिलेला.

खरी अडचण परवानगीची. आजोबा कुठे पकडले गेले, कोणासोबत होते, हे आजी नातवंडांना बिनधास्त सांगते, पण तेच नावानिशी नेटवर गेलं तर सराईत गुन्हेगारांच्या कायद्याचा (मुंबई, 1959) धाक अजून ज्यांच्या डोक्यावर आहे त्यांना ते महागात पडू शकतं. म्हणून प्रत्येक फाइलला वेगळी परवानगी लागते: घरच्यांपुरती, वस्तीपुरती, सगळ्यांना, आणि नंतर मागे घेण्याची सोयही. सही घेऊन मोकळं होणं इथे चालत नाही, रेकॉर्डिंग सांगणाऱ्याला परत ऐकवून मगच विचारायचं.

मूळ आवाजाची फाइल वेव्हमध्ये (आवाज न दाबता पूर्ण ठेवणारा प्रकार), 48 किलोहर्ट्झ 24 बिट या दर्जाची, आणि वाटायला लहान आकाराची एमपी3. कैकाडी ही द्रविड कुळातली, पारधी बोली गुजरातीकडे झुकणारी, त्यामुळे देवनागरीत उतरवताना काही उच्चार निसटतात, आवाज हाच मूळ पुरावा धरावा. वडार, डोंबारी यांच्याबद्दल या अंगाने लिहिलेलं फारच थोडं सापडतं.