ओरडत नाही म्हणून दुखत नाही?

रंकाळ्याकाठी मांजात अडकलेला पारवा सोडवताना हमखास ऐकू येतं, ‘पाखराला दुखत असतं तर ओरडलं नसतं व्हय?’ चूक. वेदना जाणणाऱ्या नसा पक्ष्यांतही असतात. दुबळं पाखरू शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतं, म्हणून ते दुखणं लपवतं. गप्प बसणं हीच खूण.

काय बघायचं? पिसं फुगवून, डोळे अर्धवट मिटून पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, एकाच पायावर भार, पिसं साफ करणं बंद किंवा एकाच जागी सतत चोच मारणं. पाळीव पक्षी रोज सकाळी खाण्याआधी ग्रॅमच्या काट्यावर तोला. 35 ग्रॅमच्या बजरीगारचे (छोट्या पाळीव पोपटाचे) 3-4 ग्रॅम घटले तर थांबू नका.

मांजा ओढू नका, दोन्हीकडून कापा. मांसात रुतलेला तुकडा डॉक्टरांसाठी ठेवा. पाखरू उचलताना छाती दाबू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल (छाती-पोटामधला श्वासाचा पडदा) नसतं, छाती हलली नाही तर श्वासच थांबतो. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, उबेला ठेवा. चोचीत पाणी ओतलं की ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. हळद-तेलाचा लेपही नको, तेलानं पिसांची ऊब जाते.

घरातली वेदनाशामक गोळी तर नकोच. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, म्हणून 2006 मध्ये भारतात जनावरांसाठी ते बंद झालं. पक्ष्यांना बहुधा मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक देतात, पण मात्रा वजनावर आणि जातीवर ठरते. ते काम पशुवैद्यांचं.