कॅराव्हॅनचे टायर : वय, सुरक्षितता व बदल

मोटारीमागे हिचला (ओढजोडणीला) जोडून ओढत न्यायची, स्वतःचे इंजिन नसलेली राहती गाडी म्हणजे कॅराव्हॅन. अमेरिकेत तिला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. अशा गाडीचे टायर, त्यांची निगा आणि ते बदलण्यासंबंधीचे नियम व संकेत यांचा विचार येथे केला आहे. इंजिन असलेल्या मोटरहोमचे टायर बहुधा ट्रक-बसच्या जातीचे असतात. त्यांचा येथे समावेश नाही. मोटारीचा टायर बहुधा झिजून बाद होतो, कॅराव्हॅनचा टायर मात्र झिजण्याआधी म्हातारा होतो. वर्षातले बरेचसे महिने गाडी एका जागी उभी असते, त्यामुळे ‘टायर गोटा झाला की बदलायचा’ हा मोटारवाल्यांचा ठोकताळा येथे चालत नाही. खोल, टवटवीत नक्षी असलेला टायर आतून मोडकळीला आलेला असू शकतो.

मराठीत चाकाच्या बाहेरच्या कड्याला ‘धाव’ हा जुना शब्द आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापवून चढवतो ती लोखंडी धाव. ती सैल झाली की खडखडते आणि गाडीवानाला कळते. रबरी टायरचे थर आतून सुटू लागतात तेव्हा तसा आवाज येत नाही. आला तरी पुढच्या मोटारीत बसलेल्या चालकापर्यंत तो पोचत नाही.

पूर्वेतिहास : हौशी प्रवासासाठी बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांच्या ‘वाँडरर’चा (१८८५) उल्लेख सामान्यतः केला जातो. ती घोड्यांनी ओढायची होती. मोटारीने ओढायच्या कॅराव्हॅन बर्मिंगहॅमच्या एक्लिस कंपनीने १९१९ च्या सुमारास बाजारात आणल्या. अमेरिकेत ही हौस दोन महायुद्धांच्या मधल्या काळात वाढली. त्या वेळच्या घरगुती बांधणीच्या ट्रेलरना मोटारीचेच टायर लावत, असे दिसते. ट्रेलरसाठी स्वतंत्र टायर ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. अमेरिकेच्या टायर अँड रिम असोसिएशनच्या वार्षिक प्रमाणग्रंथात अशा टायरांचे मापतक्ते ‘एसटी’, म्हणजे स्पेशल ट्रेलर, या उपसर्गाखाली वेगळे दिलेले असतात. (महाराष्ट्रातल्या एसटी बसशी या अक्षरांचा संबंध नाही.) युरोपात असा वेगळा वर्ग फारसा रूढ झाला नाही. तेथे कॅराव्हॅनला मोटारीचे किंवा व्हॅनचे, पुरेशा भारक्षमतेचे टायर लावतात.

एसटी टायर : या टायरची बाजूची भिंत ताठ असते आणि त्याच मापाच्या मोटार-टायरपेक्षा तो जास्त हवा व जास्त भार घेतो. भारक्षमता अक्षराने दाखवतात : सी म्हणजे ५० पाउंड हवा, डी म्हणजे ६५ आणि ई म्हणजे ८०. (पाउंड म्हणजे दर चौरस इंचावरचा दाब, पंक्चरवाल्याकडे आपण म्हणतो तोच.) एसटी २२५/७५ आर १५ या प्रचलित मापाचा टायर डी वर्गात २,५४० पौंड, म्हणजे सुमारे १,१५० किग्रॅ. वजन पेलतो, ई वर्गात २,८३० पौंड, सुमारे १,२८५ किग्रॅ. हे आकडे पूर्ण हवेवरचे आहेत. हवा कमी म्हणजे भारक्षमताही कमी. मोटारीत चालक आरामासाठी हवा थोडी कमी ठेवतो. ट्रेलरला ती सवलत नाही. मोटारीचा टायर ट्रेलरला लावायचा झाल्यास त्याच्या भारक्षमतेला १.१० ने भागावे, असा अमेरिकी नियम आहे.

दोन आसांच्या कॅराव्हॅनमध्ये आणखी एक ताण येतो. तिची चाके वळत नाहीत. गाडी अरुंद जागी वळवली की पुढची आणि मागची चाके परस्परविरुद्ध दिशांनी घासटली जातात, टायर बाजूला पिळवटतो आणि नक्षीखाली आत असलेल्या पोलादी तारांच्या दोन पट्ट्यांमधल्या रबरावर कातरबल, म्हणजे थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा जोर, येते. पेट्रोल पंपावर किंवा तळावर गाडी लावताना हे टायर कसे वाकतात ते एकदा खाली बसून पाहिले, की नक्षीची खोली हा निकष किती अपुरा आहे ते पटते.

वेगाच्या अक्षराचा वाद : एसटी टायर तासाला ६५ मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे १०५ किमी. वेगासाठीच असतात, ही समजूत दीर्घकाळ होती. पूर्वी यांतील बहुतेक टायरांवर वेगाचे अक्षर, म्हणजे टायरला झेपणारा कमाल वेग दाखवणारे अक्षर, नसे. २०१५ च्या आसपासपासून मात्र एल (१२० किमी.), एम (१३०) आणि एन (१४०) ही अक्षरे सर्रास दिसू लागली. टायर इतके सुधारले म्हणून हे घडले, असे उत्पादक सांगतात. दुसरे मत जकातीकडे बोट दाखवते. चीनमधून येणाऱ्या मोटार व हलक्या ट्रकच्या टायरांवर अमेरिकेने २०१५ मध्ये जादा कर बसवला आणि त्यातून ट्रेलरचे टायर वगळले. सवलतीच्या अटींत ‘एसटी’ हा उपसर्ग आणि ‘केवळ ट्रेलरसाठी’ ही सूचना टायरवर कोरलेली असणे होते, तसेच एम किंवा एन या मर्यादेतला वेगही कोरलेला असणे होते. कोरीव अक्षर आणि करसवलत यांचा काळ इतका जुळतो, की दुसरे मत सहज बाजूला सारता येत नाही. तथापि त्यामुळे आजचे सगळेच टायर कालच्यासारखे आहेत असे ठरत नाही. २०१७ मध्ये आलेला गुडइयरचा एन्ड्युरन्स हा अमेरिकेत बनवलेला टायरही एन अक्षराचाच आहे. अक्षर कोणतेही असो, भरल्या ट्रेलरने ६५ मैलांच्या आत राहणे शहाणपणाचे. कॅलिफोर्नियात ओढगाडीला ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किमी.ची, कायदेशीर मर्यादा आहे आणि तेथील उन्हाळी वाळवंटी रस्ते पाहता ती योग्य वाटते.

अमेरिकी हौशी मंडळींत ‘चायना बॉम्ब’ हे नाव रूढ झाले. कारखान्यातून नव्या ट्रेलरबरोबर आलेले स्वस्त टायर पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात फुटत, त्यावरून ते पडले. दोष निव्वळ देशाचा नव्हता. ट्रेलर-उत्पादक आसाच्या भाराला जेमतेम पुरणारा टायर लावत. पाण्याची टाकी, किराणा आणि सायकली भरल्या की शिल्लक उरत नसे, आणि भार दोन्ही बाजूंना सारखा नसल्याने एखादे चाक मर्यादेबाहेर जाई. अमेरिकेतील आरव्ही (रिक्रिएशनल व्हेइकल, म्हणजे राहत्या गाड्यांच्या) उद्योगसंघटनेने २०१७ च्या सुमारास सभासदांना टायरमध्ये १० टक्के राखीव भारक्षमता ठेवण्याचे बंधन घातले. हे उशिरा झाले आणि १० टक्के फार नाहीत. आधीच्या ट्रेलरांचे मालक टायर बदलताना एक वर्ग वरचा घेतात, ते बरोबरच आहे.

वार्धक्याची कारणे : रबर दोन वाटांनी खराब होते. बाहेरून हवेतला ओझोन आणि ऊन भिंतीवर बारीक भेगा पाडतात. त्यांना रोखण्यासाठी रबरात मेण व ओझोनरोधक रसायने घातलेली असतात, पण ती पृष्ठावर झिरपायला टायर फिरावा आणि वाकावा लागतो. उभ्या गाडीत ते होत नाही. दुसरी वाट आतून आहे आणि तीच जास्त घातक. टायरमध्ये कोंडलेल्या हवेतला प्राणवायू दाबामुळे आतल्या अस्तरातून झिरपत पोलादी पट्ट्यांभोवतीच्या रबरापर्यंत जातो आणि ते कडक, ठिसूळ करतो. ही क्रिया उष्णतेने झपाट्याने वाढते. अशा क्रियांचा वेग दर १० अंश सेल्सियसला साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ठोकताळा आहे. पट्टा सुटताना प्रथम कडेला सूक्ष्म चीर पडते, ती आत सरकते आणि एके दिवशी नक्षीची पूर्ण पट्टी उचकटून चाकाबरोबर फटके मारू लागते. त्या फटक्यांनी चाकाजवळचा पत्रा, वायर आणि कधी गॅसची नळीही फाटते. कापड किंवा झाकण टाकून बाहेरच्या भेगा टळतात, आतली क्रिया टळत नाही. हवेऐवजी नायट्रोजन भरल्याने ती मंदावते, पण कमी हवेचा दोष नायट्रोजनने भरून निघत नाही.

सहा वर्षांचा दंडक : टायर किती वर्षांनी टाकावा याविषयी एकमत नाही, आणि प्रचलित आकड्यांचे मूळही एक नाही. जर्मन मोटार-उत्पादकांच्या पुस्तिकांत सहा वर्षांची सूचना १९९० च्या दशकापासून आढळते. ब्रिटिश रबर उत्पादक संघटनेने २००१ च्या सुमारास असे सुचवले की सहा वर्षे पडून राहिलेला नवा टायर वापरात आणू नये आणि कोणताही टायर दहा वर्षांनंतर ठेवू नये. ब्रिटनमधील कॅराव्हॅन संस्था पाचव्या वर्षी बदलाचा विचार आणि सातव्यानंतर वापर बंद, असे सांगतात. अमेरिकेतील टायर-उत्पादकांच्या संघटनेची भूमिका वेगळी होती : वापर, हवा, ऊन आणि साठवण यांवर सगळे अवलंबून असल्याने पंचांगाप्रमाणे वय ठरवता येत नाही.

फोर्डच्या मोटारींवरील फायरस्टोन टायरांची नक्षी उचकटून अपघात झाले, त्या फायरस्टोन-फोर्ड प्रकरणानंतर हा वाद पेटला. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवले गेले आणि नोव्हेंबरमध्ये टायर व वाहनांच्या सुरक्षिततेचा ‘ट्रेड’ (TREAD) कायदा झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने टायरच्या वार्धक्यावर अभ्यास करून २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसला अहवाल दिला. त्यासाठी फिनिक्ससारख्या उष्ण शहरातून वापरलेले टायर गोळा केले होते. त्या सुमारास उद्धृत झालेल्या एका विमा कंपनीच्या माहितीनुसार टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या पाच उष्ण राज्यांत तिचे २७ टक्के ग्राहक होते, पण टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे तेथूनच आले. त्यांतील ८४ टक्के टायर सहा वर्षांहून जुने होते. प्रशासनाने वयाची सक्ती पुढे केली नाही. त्या काळात झालेल्या नव्या नियमांतून ट्रेलर बऱ्याच अंशी निसटला हेही नोंदवायला हवे. मोटारीच्या रेडियल टायरांसाठी आलेल्या कडक चाचणीतून एसटी टायर वगळले गेले, आणि सप्टेंबर २००७ पासून हलक्या वाहनांना सक्तीचा झालेला हवादाब-सूचक ट्रेलरला लागू नाही. ज्या गाडीत टायर बसलेला चालकाला कळत नाही, तिलाच सूचकाची खरी गरज आहे.

टायरचे वय कायद्यात लिहिण्याचे ठळक उदाहरण जर्मनीचे. तेथे कॅराव्हॅनसह मोटारीला तासाला ८० किमी.ची मर्यादा आहे. १९९८ च्या अपवाद-आदेशाने काही अटींवर मोटारमार्गावर १०० किमी.ची परवानगी मिळाली : ओढणाऱ्या मोटारीला एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) असावे, कॅराव्हॅन व मोटार यांच्या वजनांचे ठरावीक प्रमाण पाळावे, कॅराव्हॅनचे टायर सहा वर्षांहून कमी वयाचे आणि किमान एल अक्षराचे असावेत. २००५ मध्ये आदेश सुटसुटीत झाला आणि परवानगी कॅराव्हॅनशी जोडली गेली. मागच्या बाजूला १०० आकड्याची गोल खूण लावतात. सातव्या वर्षी टायर बेकायदा होत नाही, फक्त १०० ने जायचा हक्क जातो. वय आणि वेग यांना एकत्र बांधणारी ही तरतूद सरसकट बंदीपेक्षा जास्त शास्त्रशुद्ध वाटते. जुन्या टायरचा खरा शत्रू उष्णता आणि उष्णता वेगाने वाढते. अन्यत्र, विशेषतः उष्ण प्रदेशात, कायदा नसला तरी सहा वर्षे ही वरची मर्यादा मानणे रास्त ठरेल.

वय वाचणे व बदल : २००० पासून टायरच्या भिंतीवरील डीओटी (अमेरिकी वाहतूक खात्याच्या) क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. त्याआधी तीन आकडे होते, तसा टायर आज स्टेपनीवरही नको. पूर्ण क्रमांक एकाच बाजूला असू शकतो आणि ती बाजू आत गेली असेल, तर गाडीखाली आडवे होऊनच तारीख वाचावी लागते. खरेदीची पावती नव्हे, हा आकडा खरा. स्टेपनी फिरत नाही म्हणून ती तरुण राहत नाही. तिचेही वय मोजावे.

एका बाजूचा टायर फुटला की दोन आसांच्या गाडीत त्याच्या जोडीदारावर जवळपास दुप्पट भार येतो. वरून धडधाकट दिसला तरी तो त्याबरोबर बदलावा. डी वर्गावरून ई वर्गावर जाताना रिमवर कोरलेली भार व दाबाची मर्यादा पाहावी. साध्या रबरी व्हॉल्व्हची मर्यादा ६५ पाउंड असते, त्यामुळे ८० पाउंडांच्या टायरला धातूचा व्हॉल्व्ह लागतो. ही बारीक गोष्ट दुकानात सर्वांत जास्त राहून जाते. जॅक चौकटीला लावावा, आसाच्या नळीला लावल्यास ती वाकते. नट टॉर्क पान्याने आवळून ८० ते १६० किमी. गेल्यावर पुन्हा तपासतात. हवा थंड टायरमध्ये, निघण्याआधी मोजायची. वाटेत तापून वाढलेली काढू नये. हवा २० टक्क्यांहून जास्त कमी असताना पळालेला टायर रिमवरून उतरवून आतून तपासल्याशिवाय पुन्हा भरू नये.

भारतात : महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. प्रत्यक्षात येथे दिसतात त्या बहुतेक इंजिनाच्या कॅराव्हॅन. ओढायच्या तुरळक आहेत. ओढगाडीचा मराठी अनुभव उसाच्या ट्रॉलीचा. गाळप हंगाम संपला की ती बांधावर उन्हात उभी राहते आणि तिच्या टायरच्या भिंतींवर त्याच ओझोनभेगा दिसतात, फरक एवढाच की ट्रॉलीचा वेग कमी असतो. अमेरिकेत, जर्मनीत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे जुना ट्रेलर किंवा कॅराव्हॅन घेतात तेव्हा गादी, स्वयंपाकघर, छताची गळती बारकाईने पाहतात. चार चाके आणि स्टेपनी यांच्यावरचे चार-चार आकडे तेव्हाच वाचून घ्यावेत आणि सहा वर्षे उलटली असल्यास नव्या संचाची किंमत सौद्यातून वजा करावी.