बाळागोळी आणि उपाशी मेंदू

गिरणगावातल्या चाळीत वाढलेल्या माझ्या आजीच्या बोलण्यात 'बाळागोळी' हा शब्द नेहमी येई. पाळीवर निघालेली गिरणी कामगार आई मोहरीएवढी अफूची गोळी दुधात उगाळून तान्ह्याला चाटवीत असे आणि ते भोंगा होईपर्यंत निजून राही. शेजारणी त्याला गुणी बाळ म्हणत. पुढे ते सुकू लागले की दृष्ट काढली जाई, गळ्यात ताईत येई. गोळीवर मात्र कोणी संशय घेत नसे.

गुंगीतले बाळ दूध कमी पिते आणि म्हणून खंगते, हे सहज समजते. कुपोषित मेंदूवर अफूचा परिणामच वेगळा होतो, ही याची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते.

मध्यमेंदूत डोपामिन हे सुखाच्या अनुभवाशी जोडलेले रसायन स्रवणाऱ्या चेतापेशींचा एक लहानसा पुंजका आहे. शेजारच्या गाबा पेशी, म्हणजे गाबा हे रोखणारे रसायन सोडणाऱ्या पेशी, त्यांना सतत आवरून धरतात. अफूतले मॉर्फिन या गाबा पेशींवरच्या 'म्यू' ग्राहींना, म्हणजे असे रसायन ओळखून धरणाऱ्या जागांना, चिकटते. त्यासरशी पोटॅशियमच्या वाटा उघडतात, कॅल्शियमच्या मिटतात आणि पेशी गप्प होते. आवरणारेच गप्प झाल्याने डोपामिनचा लोट उसळतो, म्हणजे मॉर्फिन सुख निर्माण करत नाही, सुखावरचा लगाम सोडते, आणि मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. ते ग्राही अर्थातच अफूसाठी घडलेले नाहीत. 1975 मध्ये अ‍ॅबर्डीन येथे शोधलेली, अवघ्या पाच अमिनो आम्लांची एन्केफॅलिने ही शरीराची स्वतःची 'अफू' आहे, आणि चविष्ट घासाच्या आनंदातही याच यंत्रणेचा वाटा असतो. भुकेचा आणि नशेचा रस्ता असा एका चौकात येतो.

अर्जेंटिनातील कोर्दोबा येथील संशोधकांनी गाभण उंदरिणींना गर्भारपणाच्या उत्तरार्धापासून 24 टक्क्यांऐवजी केवळ 8 टक्के केसीन (दुधातले प्रथिन) असलेला आहार दिला. पिल्लांना दूध सुटल्यानंतर पुरेसे अन्न मिळाले. मोठेपणी त्यांना पेटीच्या ठरावीक कप्प्यात मॉर्फिन टोचले आणि नंतर मोकळे सोडले, तेव्हा नेहमीच्या उंदरांना ज्या अल्प मात्रेचे काही वाटत नव्हते, त्या मात्रेनंतरही हे उंदीर त्याच कप्प्यात जाऊन बसू लागले. उंदरांवरून माणसाविषयी थेट निष्कर्ष काढता येत नाही. तरीही गर्दच्या, म्हणजे अफूपासूनच बनणाऱ्या हेरॉइनच्या, आहारी गेलेल्याचे 'मनच कच्चे' असे पुलाखालून जाताना म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात घ्यावा.

मोठेपणीच्या उपासमारीची गोष्ट वेगळी आहे. अर्धपोटी ठेवलेला उंदीरही नशेच्या औषधासाठी कळ अधिक वेळा दाबतो. पण त्याला पोटभर खाऊ घातले की ते दाबणे कमी होते. कोर्दोबाचे उंदीर मात्र प्रयोगाच्या वेळी भरल्या पोटाचेच होते.