निळ्या दिव्याची पेटी आणि आपला कुकर

भाचीच्या लग्नाआधी कोथरूडच्या एका पार्लरमध्ये पेडिक्युअरला गेले होते. तिथल्या मुलीने निळ्या दिव्याच्या पेटीतून कटर काढला आणि म्हणाली, "ताई, स्टरलाइज केलेला आहे हं." बघते तर कटरच्या सांध्यात आधीच्या कुणाच्या तरी नखाचा पांढरा भुगा तसाच!

त्या पेटीतले यूव्ही (अतिनील) किरण जिथे थेट पडतात तिथलेच जंतू मारतात, सांध्यात किंवा भुग्याखाली सावली असते तिथे जंतू मजेत राहतात. खरं निर्जंतुकीकरण ऑटोक्लेव्हमध्ये होतं, आणि ऑटोक्लेव्ह म्हणजे थोडक्यात आपला कुकर. पुण्यात उघड्या पातेल्यात पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, पण 15 पौंड दाब दिला की वाफ 121 अंशांपर्यंत जाते आणि 15-20 मिनिटांत जंतूंचे चिवट, कवचबंद बीजाणूसुद्धा मरतात. अर्थात त्याआधी साबण लावून ब्रशने घासायला हवं, खरकटं भांडं उकळून काय उपयोग? लाकडी फाइल आणि बफर मात्र सच्छिद्र, ते कशानेच नीट साफ होत नाहीत, दर गिऱ्हाइकाला नवीनच हवेत.

पाय बुडवायच्या टबची तर वेगळीच कथा. 2000 साली कॅलिफोर्नियात एकाच नेल सलोनच्या 100 हून जास्त गिऱ्हाइकांच्या पायांना गळवं आली, महिनोन् महिने बरी होईनात. शोधल्यावर कळलं की फूटबाथमध्ये पाणी खेचणाऱ्या जाळीमागे केस आणि कातडीचा गाळ साचला होता, त्यात मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम नावाचा जंतू वाढत होता. ज्यांनी आधी पायावरून रेझर फिरवलेला त्यांना धोका जास्त, कारण बारीक ओरखडे म्हणजे जंतूंना उघडं दार. म्हणजे आपण पार्लरला जायचं म्हणून आदल्या रात्री पाय चकचकीत करतो, तेच नडतं! त्यापेक्षा साधं प्लास्टिकचं घमेलं बरं, निदान घासता तरी येतं.

आणि क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, कापू देऊ नका, प्लीज. नख आणि कातडीमधली फट बुजवणारं ते सील आहे, ते गेलं की नखुरडं व्हायला वेळ लागत नाही.

मी कटर बदलायला सांगितला तर ती मुलगी जरा हिरमुसली, पण आतून दुसरा आणला. तोही निळ्या पेटीतलाच होता, मग म्हटलं राहू दे, नुसतं नेलपॉलिश लाव.