पोर्टिंग (व्हिडिओ गेम)

एका यंत्रासाठी लिहिलेला गेम वेगळ्या बनावटीच्या दुसऱ्या यंत्रावर चालेल असा करून घेणे म्हणजे पोर्टिंग. मराठीत याला रूढ प्रतिशब्द नाही. ‘रूपांतर’ त्यातल्या त्यात जवळचा, पण बोलताना सगळे ‘पोर्ट केला’ असेच म्हणतात. दोन्ही यंत्रे तोलामोलाची असली तर काम किचकट असले तरी सरळ असते. संगणकावरचा जड शूटर (गोळीबाराचा) गेम जुन्या घरगुती कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, न्यायचा असेल, तर मात्र गेम जवळजवळ नव्याने लिहावा लागतो. दादरच्या शिवाजी मंदिरातले नाटक गिरगावातल्या एखाद्या चाळीच्या गणेशोत्सवात, बाकांवर फळ्या टाकून केलेल्या स्टेजवर करायचे झाले तर संवाद तेच राहतात. दिवाणखान्यातला जिना मात्र जातो, नोकराचे पात्र गळते आणि ‘आतल्या खोलीतून’ येणारा माणूस चादरीमागून येतो. काय गाळायचे हे ज्याला कळते तोच प्रयोग उभा करतो.

१९९० च्या दशकात मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरांत ‘व्हिडिओ गेम’ म्हणजे बहुधा निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या कन्सोलची नक्कल असे. कार्ट्रिजला ‘कॅसेट’ आणि कंट्रोलरला ‘रिमोट’ म्हणत. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, दुकानदार काउंटरवरच्या छोट्या टीव्हीला जोडून कॅसेट चालवून दाखवी. ‘९९९९ इन वन’ असे छापलेल्या कॅसेटमध्ये मोजके गेम नावे बदलून पुन्हा पुन्हा यायचे, हे घरी गेल्यावर कळे. पडद्यावर नुसते चौकोन आले की कॅसेट काढून फुंकायची, तरी नाही जमले तर पिनांवर खोडरबर फिरवायचे. याच सुमारास कोणाच्या तरी ऑफिसातल्या किंवा कॉम्प्युटर क्लासमधल्या पीसीवर डूम हा शूटर गेम पाहून आलेला मुलगा दुकानात ‘डूमची कॅसेट आहे का?’ असे विचारी. त्या यंत्रासाठी ती नव्हतीच, आणि नसण्याचे कारण चित्र काढण्याच्या पद्धतीत होते.

अमेरिकेतल्या आयडी सॉफ्टवेअरने १० डिसेंबर १९९३ रोजी आणलेला डूम ३८६ प्रोसेसर आणि ४ मेगाबाइट रॅम मागे. त्याचे चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचे, आणि त्यातला प्रत्येक ठिपका प्रोसेसर स्वतः ठरवी. भिंती उभ्या पट्ट्यांनी आणि जमिनी आडव्या पट्ट्यांनी रंगवल्या जात. फॅमिकॉममध्ये असा कोरा कॅनव्हासच नाही. तिथे पडदा म्हणजे ३२ बाय ३० घरांची भिंत, प्रत्येक घरात ८ बाय ८ ठिपक्यांची एक टाइल. घरे ९६०, पण साध्या कॅसेटमध्ये पार्श्वभूमीसाठी एका वेळी वेगवेगळ्या टाइल्स फक्त २५६. बाथरूमच्या फरशीसारखे काम: ठरलेल्या लाद्या हव्या तिथे बसवा, लादीवर चित्र काढू नका. त्यात रॅम २ किलोबाइट. उड्या मारत पळणाऱ्या गेमला हे झकास जमते, पण पावलागणिक अख्खे दृश्य बदलणाऱ्या शूटरला नाही.

पुढच्या पिढीचा सुपर निन्टेंडोही टाइलवालाच. त्याचा मुख्य प्रोसेसर फार तर ३.५८ मेगाहर्ट्झने चाले आणि रॅम १२८ किलोबाइट, म्हणजे डूमच्या मागणीचा बत्तिसावा हिस्सा. तरीही १९९५ मध्ये त्यावर डूम आला. हे रँडी लिंडेन या प्रोग्रॅमरचे काम. आयडीचा सोर्स कोड त्याच्या हाताशी नव्हता. गेमच्या डेटा फाइली आतून कशा रचल्या आहेत याची जी माहिती हौशी मंडळींनी उलगडून मांडली होती, तिच्या आधारे त्याने स्वतःचे इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्रॅम, लिहिले. अवजारेही घरचीच: असेम्बलर, लिंकर आणि डीबगर त्याने अमिगा संगणकावर स्वतः लिहिले, स्टार फॉक्स या गेमच्या कॅसेटमध्ये फेरफार केला आणि कंट्रोलरच्या वायरी अमिगाच्या पॅरलल पोर्टला जोडून कोड कन्सोलपर्यंत पोहोचवला. आधी चालता नमुना केला आणि मग तो आपल्या कंपनीला, स्कल्प्चर्ड सॉफ्टवेअरला, दाखवला. लॅमिंग्टन रोडच्या एखाद्या रिपेअरवाल्याला हा माणूस लगेच आपला वाटेल.

खरा भार उचलला तो कॅसेटमध्येच बसवलेल्या सुपर एफएक्स २ या चिपने. सुमारे २१ मेगाहर्ट्झने चालणारी ही चिप कन्सोलच्या प्रोसेसरपेक्षा कितीतरी वेगवान. शिवाय ठिपका मांडण्याची खास सूचना तिच्यात होती. तिची गरज समजून घेण्यासारखी आहे. सुपर निन्टेंडोच्या २५६ रंगांच्या टाइलमध्ये एका ठिपक्याचा रंग सलग एका बाइटमध्ये नसतो, तो एकेका बिटाने आठ बाइट्समध्ये विखुरलेला असतो. पीसीवर एका फटक्यात होणारे काम इथे आठ ठिकाणी हात घालून करावे लागते. चिप ठिपके गोळा करून ही विभागणी परस्पर करी.

एवढे करून चित्र तयार झाले, तरी ते व्हिडिओ मेमरीत कधी पोहोचवायचे? ते दार टीव्हीचा किरण पडद्याच्या तळाशी पोहोचून पुन्हा वर जाईपर्यंतच उघडे असते. नेहमीच्या २२४ ओळींच्या चित्रात तेवढ्या वेळात साधारण ६ किलोबाइट पलीकडे जातात. पूर्ण पडद्याचे २५६ रंगांचे चित्र ५६ किलोबाइटचे. म्हणजे एका चित्राला दहा फेऱ्या; अमेरिकन टीव्हीवर सेकंदाला साठ फेऱ्या होतात, म्हणजे चित्रे फक्त सहा. म्हणून खेळाची खिडकी लहान केली आणि भोवती काळी चौकट ठेवली. किरण वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्यांत असतानाही माल पाठवता येतो. ती चौकट पाहून त्या काळी नाके मुरडली गेली, पण गेम तिच्याच जोरावर चालत होता. शिवाय आडवे ठिपके दुप्पट रुंद केले, त्यामुळे काढायचे काम निम्म्यावर आले.

गाळलेल्या गोष्टी बऱ्याच. जमिनी आणि छत सपाट रंगाचे झाले. राक्षसांची फक्त समोरून दिसणारी चित्रे ठेवली, त्यामुळे ते कायम खेळणाऱ्याकडेच तोंड करून असतात आणि मूळ गेममधली त्यांची आपापसातली मारामारी, म्हणजे डूमची अर्धी गंमत, गेली. मूळच्या २७ पातळ्यांपैकी २२ उरल्या, कारण कॅसेट २ मेगाबाइटची आणि पीसीवरच्या पूर्ण गेमची डेटा फाइल सुमारे ११ मेगाबाइटची. गेम सेव्ह करण्याची सोय नव्हती. पासवर्डही नाही, हे मात्र खटकते. त्याला फारशी जागा लागली नसती. संगीत उत्तम उतरले.

त्याआधी १९९४ मध्ये याच कन्सोलवर वुल्फेन्स्टाइन थ्रीडी आला होता. त्यात रक्ताच्या जागी घाम आणि कुत्र्यांच्या जागी उंदीर आले, पण तो निर्णय यंत्राचा नव्हता, निन्टेंडोच्या धोरणाचा होता. हा पोर्ट बाजारात डूमनंतर आला, पण त्याचे काम डूम तयार होत असतानाच झाले होते. वेग वाढवण्यासाठी आयडीचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याने त्यात वापरलेली नकाशा आधीच विभागून ठेवण्याची बीएसपी पद्धत पुढे डूमचा कणा ठरली. छोट्या यंत्राने मोठ्याला शिकवल्याची अशी उदाहरणे विरळाच.

फॅमिकॉमच्या अमेरिकन भावंडावर, एनईएसवर, डूम चालवून दाखवणारेही निघाले आहेत. त्यांनी कॅसेटमध्ये रास्पबेरी पाय हा पत्त्याएवढा छोटा संगणक बसवला. गेम त्यात चालतो आणि कन्सोल फक्त टाइल्स दाखवतो. याला पोर्ट म्हणावे का, यावर वाद घालता येतो. म्हणू नये म्हणणाऱ्यांनी सुपर एफएक्सही कॅसेटमध्येच होती हे ध्यानात ठेवावे. लिंडेनने आपला कोड २०२० मध्ये खुला केला. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या सुधारित आवृत्तीतही जुन्या चिपच्या जागी रास्पबेरी पायचाच मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, आहे.

जुनी कॅसेट हाती आली तर एक लक्षात ठेवावे. सुपर निन्टेंडोच्या खाचेत ६२ पिना असतात, त्यातल्या मधल्या ४६ वरच बहुतेक गेम चालतात. सुपर एफएक्सवाल्या कॅसेटला दोन्ही टोकांच्या पिनाही लागतात. त्या वर्षानुवर्षे न वापरता राहतात आणि मुंबईच्या दमट हवेत काळ्या पडतात. बाकीचे गेम सुरळीत चालतात आणि डूम लावला की पडदा काळा. आधी खाच साफ करावी, मग कॅसेटच्या टोकाच्या पट्ट्यांवर खोडरबर.